पाण्याचा वार

डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला तेव्हा
पुढचे चार दात दिसले,
विझलेल्या बिडीच्या थोटकांसारखे.
"दुधात साखर घालता?"
मी म्हणालो, नाही.
श्रीहासने बोटं दाखवली : तीन चमचे.

सहा वर्षांचा आहे, सगळं मोजतो.
पंख्याची पाती, जिन्याच्या पायऱ्या,
रात्रपाळीला निघण्याआधीचे माझे चहा.
जेवणात त्याचे नियम फार :
वरणाने भाताला शिवायचं नाही,
मोहरी दिसली की ताट सरकलं,
टोमॅटो म्हणजे "ओलं लाल".
चालतं काय, तर पाच रुपयांचं पाकीट,
बोटांना नारिंगी रंग सोडणारं,
क्रीमची बिस्किटं,
आणि पुडीतल्या शेवया, मसाला अख्खा.

हे सगळं मीच आणलेलं.
सकाळी सातला पाळी सुटते, कानात माग अजून खडखडत असतो,
कोपऱ्यावर अंबादासचं दुकान उघडं,
रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?
टॉवेलाचे पैसे मला नगावर मिळतात,
लाडही मग नगावरच केले.

एकदम बंद केलं तर घर डोक्यावर घेईल, पद्मा म्हणाली.
घेतलंच.
पूर्व भागात आमच्या भिंती अशा
की शेजारच्या मागावर धागा तुटला तरी कळतं;
त्याचं रडणं गेंट्याल चौकापर्यंत गेलं असेल.
संध्याकाळी मीच गेलो बिस्किट आणायला.
दया आली म्हणून नाही. झोप हवी होती.

तोड तिनेच काढली.
आमच्याकडे सोमवार-मंगळवाराला फारसा अर्थ नाही,
नळाला पाणी येतं तो वार खरा.
चौथ्या दिवशी, नाहीतर पाचव्या, वेळ त्याची मर्जी.
"पाणी येईल त्या दिवशी गोड. मधे नाही. नान्नालाही नाही."
श्रीहासने माझ्याकडे पाहिलं,
सावकाराने पाहावं तसं.

बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्याची शिक्षा.
कारखान्यात गुंडेटी म्हणाला, शुगर निघाली काय बे?
म्हटलं, पोराला निघू नये म्हणून.
खरं सांगायचं तर दोनदा चोरून प्यालो,
आणि घरी आल्यावर त्याने माझं तोंड हुंगलं.

दुसऱ्याच फेरीत जलवाहिनी फुटली.
पाचवा दिवस गेला, सहावा, सातवा.
पिंपाचा तळ दिसू लागला
आणि हा नळापाशी पाट टाकून बसलेला,
तोटीत डोळा घालून बघणारा.
सातव्या दुपारी भूक अशी लागली
की फळीवरची कडक भाकरी त्याने स्वतःच ओढली. मोडली.
कट्.
थांबला. परत मोडली. कट्.
"आवाज करते," म्हणाला.
पद्माने शेंगाचटणीवर तेलाची धार सोडली,
वाटी जवळ सरकवली आणि पाठ फिरवली;
कुणी बघतंय कळलं की तो खात नाही.
चतकोर गेली. अर्धी नाही, चतकोरच.

पाणी आलं रात्री पावणेतीनला.
फोनवर नळाचा आवाज आणि त्याचं ओरडणं
एकदमच आलं;
ते ऐकायला मी माग बंद केला.
सकाळी पोचलो तर घमेल्यापर्यंत सगळं भरलेलं,
हा जागाच, पाकीट पुढ्यात, न फोडलेलं.
"तुझा चहा कुठाय?"

पद्माने दोन चमचे घातले.
मला तो जड गेला, अर्धा ठेवला.
त्याने मात्र क्रीम चाटूनपुसून साफ केलं
आणि उरलेल्या कोरड्या चकत्या माझ्या बशीत ठेवल्या,
मोजून आठ.

"आता पाणी कधी?"
माहीत नाही, म्हटलं.
त्याने माझं तोंड नीट पाहिलं.
या वेळी बोटं वर झाली नाहीत.